मुलीच्या फोटोला पैसे येतात, ताईच्या पगाराला का येत नाहीत?

गोदाकाठची (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये आम्ही सात जण मिळून एक लहानशी संस्था चालवतो. तिचा जमाखर्च माझ्याकडे आहे. पेठ आणि सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यांवरच्या मुली दहावीनंतर शिकायला नाशिकला येतात. त्यांच्या खोलीचं भाडं, खानावळ, एसटीचा पास आणि पुस्तकं आम्ही बघतो. सध्या २३ मुली आहेत आणि वर्षाला साधारण नऊ लाख लागतात. पूर्णवेळ कार्यकर्ती एकच. तिला सगळ्याच ताई म्हणतात. महिना १४,००० देतो.

जूनमध्ये एका मुलीसाठी व्हॉट्सॲपवर आवाहन केलं. दहावीला ८१ टक्के. आईवडील दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामाला निफाडकडे उतरतात, तेव्हा धाकटी दोन भावंडं हिच्याच गळ्यात. फोटोत ती घराच्या ओट्यावर बसलेली, मांडीवर पुस्तक, मागे रिकामे हंडे. तिला वर्षाला ४०,००० हवे होते. नऊ दिवसांत १,८६,००० आले, १४३ जणांकडून. जास्तीचे पैसे बाकीच्या मुलींना वापरू का, असं आम्ही प्रत्येकाला विचारलं. बहुतेकांनी हो म्हटलं. एका काकूंनी मात्र स्पष्ट सांगितलं, "मी त्याच मुलीसाठी दिलेत."

मग ऑगस्टमध्ये मी स्वतः दोन रात्री बसून दुसरं पत्र लिहिलं. २३ मुली, कुणाला किती लागतात, वर्षाचा तक्ता, किती कमी पडतायत, सगळं मांडलं. लोक जाणते आहेत, आकडे बघितले की देतील असं मला मनापासून वाटत होतं. ११,५०० आले. सप्टेंबरमध्ये ताईच्या पगारासाठी लिहिलं, तर तिघांनी दिले. एका जुन्या देणगीदारांचा फोन आला, "माझे पैसे पोरींवर खर्च करा, पगारावर नको. समाजसेवा करायची तर पगार कशाला?"

आता खरी गोष्ट. त्या जूनमधल्या मुलीला गेल्या महिन्यात कॉलेज रोडच्या एका दुकानात एका बाईंनी ओळखलं. "तू ती ना, व्हॉट्सॲपवरची? तुला आम्ही पाचशे दिले होते." बाई प्रेमानंच बोलल्या असणार. मुलगी जर्नल न घेताच परत आली. संध्याकाळी मला म्हणाली, "मावशी, तो फोटो काढून टाकता येईल का?" किती मोबाइलमध्ये गेलाय तो. कुठून काढू?

आणि ताईला अंबडच्या एका कंपनीत पॅकिंगमध्ये १९,००० ची नोकरी मिळतेय. दिवाळीपर्यंत कळवायचं आहे. आमच्यातले एक जण म्हणतात, दुसऱ्या मुलीचा फोटो टाकू. दुसरे म्हणतात, कॉलेजच्या पोरांना दहा टक्के कमिशन देऊन वर्गणी गोळा करू. मला दोन्ही पटत नाही, पण माझ्याकडे तिसरं काही नाही. लोकांचं मन असं का चालतं? आणि आम्ही काय करावं?

वर्गातून

नमस्कार, मी नाशिकमध्येच मानसशास्त्र शिकवते. पहिल्यांदा एवढं सांगते, की ११,५०० आले ते तुमचं पत्र वाईट होतं म्हणून नाही. तुमच्यासोबत जे घडलं ते जवळजवळ जसंच्या तसं प्रयोगात दिसलेलं आहे.

स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोव्हिक या तिघांचा २००७ मधला अभ्यास आहे. लोकांकडून आधी एक भलतीच प्रश्नावली भरून घेतली आणि त्याचा मोबदला म्हणून एकेक डॉलरच्या पाच नोटा दिल्या. मग हातात एक मदतीचं पत्र दिलं. काहींच्या पत्रात मालीतली रोकिया नावाची सात वर्षांची मुलगी होती, काहींच्या पत्रात आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांचे आकडे. रोकियाला सरासरी २.३८ डॉलर मिळाले, आकड्यांना १.१४. तिसऱ्या गटाला रोकियाही दाखवली आणि शेजारी आकडेही दिले. त्यांनी १.४३ दिले. म्हणजे आकडे जोडल्यानं भर पडली नाही, उलट रोकियाच्या वाट्याचंही कमी झालं. हे मी वर्गात दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी मला त्याचा त्रास होतो.

त्याच अभ्यासात आणखी एक भाग आहे. काही लोकांना आधीच समजावून सांगितलं, की एका चेहऱ्याला माणूस जास्त देतो आणि आकड्यांना कमी. शहाणी झालेली माणसं आकड्यांना जास्त देतील असं वाटतं ना? तसं झालं नाही. त्यांनी रोकियाला कमी दिलं, एवढंच. म्हणून तुमच्या देणगीदारांना "तुम्ही फक्त फोटोला देता" असं बोलून दाखवू नका. हात आखडेल, दुसरीकडे वळणार नाही.

असं का होतं? एक मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते. तिचा ओटा दिसतो, हंडे दिसतात. तेवीस मुली उभ्या राहत नाहीत, त्यांचा तक्ता होतो. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांना विचारलं होतं, की तेलाच्या डबक्यांत मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवायला तुम्ही किती द्याल? पक्षी २,००० म्हटलं तर सरासरी ८० डॉलर, २०,००० म्हटलं तर ७८, दोन लाख म्हटलं तर ८८. मनात एकच तेलानं माखलेला पक्षी असतो आणि किंमत त्याचीच होते. शिवाय ४०,००० भरले की एका मुलीचं वर्ष पार पडतं, आपण ते पार पाडलं असं वाटतं. नऊ लाखांत आपले पाचशे कुठे गेले ते दिसत नाही.

कमिशनचं तर बिलकूल करू नका. नीझी आणि रुस्तिचिनी यांनी इस्राएलमध्ये घरोघर देणग्या गोळा करणाऱ्या शाळकरी मुलांवर हे करून पाहिलं, २००० साली छापलं. एका गटाला नुसतं कामाचं महत्त्व सांगितलं, दुसऱ्याला जमवलेल्या रकमेच्या एक टक्का आणि तिसऱ्याला दहा टक्के देऊ केले, तेही देणगीतून न कापता. सगळ्यांत जास्त कुणी जमवले? ज्यांना काहीच मिळणार नव्हतं त्यांनी. एक टक्कावाले सगळ्यांत मागे राहिले. पैसा मध्ये आला की मूल "मी चांगलं काम करतोय" सोडून "एवढ्यासाठी एवढं कशाला फिरू" या हिशोबात जातं.

पण याचा अर्थ ताईला पगार देऊ नये असा काढू नका. तो वेगळा प्रश्न आहे. ती मुलं एक दिवस डबा घेऊन फिरली. ताईचं घर पगारावर चालतं.

तुम्हाला उपयोगी पडेल असा एक प्रयोग आता सांगते. २०१४ मध्ये 'सायन्स' मासिकात आला होता. ४०,००० लोकांना देणगीची पत्रं गेली, दहा-दहा हजारांचे चार गट. एका मोठ्या देणगीदाराचे २०,००० डॉलर हातात होते, ते वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितले. पहिल्या गटाला काहीच सांगितलं नाही, ८,०४० डॉलर जमले. दुसऱ्याला "आमच्याकडे इतके आधीच आलेत" सांगितलं, १३,२२०. तिसऱ्याला "तुम्ही एक द्या, आम्ही त्यात एक घालू", १२,२१०. चौथ्याला सांगितलं, की संस्थेचा वरखर्च, म्हणजे संस्था चालवायचा खर्च, या पैशातून भागलाय, तुमचा प्रत्येक डॉलर थेट कामाला जाईल. तिथे २३,१२० जमले. रक्कम तीच, फक्त कुठे लावली ते वेगळं सांगितलं.

म्हणजे वरखर्चासाठी शंभर जणांना पत्र लिहू नका. तुम्हाला जवळून ओळखणारे, तुमचं काम बघितलेले दोन-तीन जण शोधा आणि त्यांच्यासमोर बसून मागा. बाकीच्यांना मग खरंखरं सांगता येईल की तो भागलाय. हे प्रयोग परदेशातले आहेत, आपल्याकडे नात्यागोत्याचा आणि ओळखीचा जोर जास्त असतो, त्यामुळे आकडे असेच येतील असं नाही. पण दिशा हीच राहील असं मला वाटतं.

सातपूर_निवृत्त

तुम्हाला फोन करणारा मी नव्हे. पण तसाच फोन मी दुसऱ्या एका संस्थेला केलेला आहे, म्हणून लिहितो.

सातपूर एमआयडीसीत एकतीस वर्षं काढली. पगारातला काही भाग द्यायचा हे आईनं लावलेलं वळण. पण एकदा एका ठिकाणी पाच हजार दिले, पावती आली नाही, तीनदा गेलो तरी आली नाही. पुढे कळलं की त्या पैशांत गाडी आली. तेव्हापासून पगार, भाडं, गाडी हे शब्द ऐकले की मनात दार बंद होतं. फोटोतल्या मुलीवर मात्र विश्वास बसतो. ती तरी खोटी नाही, असं वाटतं. तुमच्या देणगीदाराच्या मनात कदाचित हेच असेल. कंजूषपणा नसेल. भीती असेल.

आता माझ्या आईबद्दल सांगतो. आमच्या घरी चुलीशेजारी एक डबा असायचा. रोज भात टाकताना आई तांदळाची एक मूठ काढून त्या डब्यात टाकायची. महिन्यानं बोर्डिंगची मुलं येऊन घेऊन जायची. मुष्टिफंड म्हणायचे त्याला. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, त्यांच्या वसतिगृहांना अशा मुठींचा मोठा आधार होता. आईनं कधी विचारलं नाही की माझी मूठ कोणत्या पोराच्या ताटात गेली, की स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या. फोटो नव्हता, आकडाही नव्हता. हाताला सवय होती. तांदूळ काढले की हात आपोआप डब्याकडे जायचा. एखाद्या दिवशी घरात कमी असेल तर मूठ लहान व्हायची, पण चुकायची नाही.

वर मॅडमनी लिहिलेलं सगळं खरं असेल. पण ते सगळं एकदा देण्याबद्दल आहे. एकदा द्यायचं तर मन हलावं लागतं, मन हलायला चेहरा लागतो. रोज द्यायचं तर मन हलावं लागत नाही. तुम्ही लोकांकडे मूठ मागा. महिन्याला दोनशे. आणि मला पावती पाठवा, त्याच आठवड्यात.

वरखर्चाचं काय ते मला वेगळं कळवा. माझे दोन मित्र आहेत, तिघं मिळून बघतो.

जमाखर्च

थोडक्यात लिहितो, सीएच्या ऑफिसात असतो.

तुम्ही ताईचा पगार "पगार व प्रशासन" या मथळ्याखाली दाखवताय का? बहुतेक छोट्या संस्था हेच करतात आणि स्वतःचं नुकसान करून घेतात. ताई पाड्यावर जाते, मुलीच्या बापाशी बोलते, कॉलेजात प्रवेश करून देते. हे प्रशासन नाही, हेच तुमचं काम आहे. ऑडिट फी, पावतीपुस्तकं, बँकेचे चार्जेस हे प्रशासन. पुढच्या ताळेबंदापासून दोन्ही वेगळे करा.

कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामावरच्या खर्चाचं, उदाहरण घ्या. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचे आणि प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर न्यायचा नाही. हे पाच टक्के ऐकून संस्था घाबरतात. पण त्या नियमांतली व्याख्या वाचा. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं याला थेट लागणारा खर्च त्या पाच टक्क्यांत धरलेलाच नाही. सरकारी नियमालाही हा फरक कळतो, तो आपण देणगीदाराला सांगत नाही.

आणखी एक. ज्या मुलीसाठी मागितले ते तिलाच, किंवा देणाऱ्याची परवानगी घेऊन दुसऱ्यांना, हे तुम्ही केलंत ते उत्तम. परवानग्या लेखी ठेवा. देणगीवरची आयकराची सवलत (८०जी म्हणतात ती) जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि २,००० च्या वर रोख दिले तर मिळत नाही. हे पावती देतानाच सांगा, नंतर मार्चमध्ये भांडणं होतात.

सुरगाण्याची_सिस्टर

मी अशाच एका वसतिगृहात राहून शिकले. आता नाशिकला एका दवाखान्यात नर्स आहे. सगळं वाचलं, मग रात्री झोप नाही लागली.

माझाही फोटो होता. कॅलेंडरवर, मार्चच्या पानावर. फोटो काढायला आले तेव्हा मला चपला काढून बाजूला ठेवायला सांगितलं. चपला नव्या होत्या. आईनं बोरगावच्या बाजारातून घेतल्या होत्या, मी नाशिकला जाणार म्हणून. आई तिथेच उभी होती. ती काही बोलली नाही, चपला उचलून पदराखाली धरून उभी राहिली. ते कॅलेंडर आमच्या जेवणघरात लागलं. मार्च संपला त्या रात्री मी स्वतः उठून पान उलटलं.

फोटो काढणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्या कॅलेंडरमधून पैसे आले, त्यातून मी शिकले, हे मला माहीत आहे. पण माझ्या आईनं जे दिलं होतं तेच त्यांना फोटोत नको होतं.

आता ताईबद्दल. अकरावीच्या दिवाळीत मी घरी गेले आणि परत आलेच नाही. बापानं मुकादमाकडून तीन माणसांची उचल घेतली होती, त्यातलं एक माणूस मी होते. दिंडोरीकडे एका बागेत विरळणीला लागलो. पाचव्या दिवशी आमची ताई शोधत बागेत आली. माझ्या हातात कात्री होती, अंगठ्याला फोड आलेला. ती मला काहीच बोलली नाही. मुकादमाकडून एक कात्री मागून घेतली आणि माझ्या शेजारच्या वेलाखाली उभी राहिली. संध्याकाळपर्यंत तिनं विरळणी केली. रात्री आमच्या पालात बसून बापाशी बोलली, मुकादमाशी बोलली. उचलीचं काय ठरलं ते मला आजही माहीत नाही. पहाटे पहिल्या गाडीनं आम्ही दोघी नाशिकला आलो. येताना गाडीत तिनं माझ्या अंगठ्याला आपल्या रुमालाची पट्टी बांधली.

खोलीचं भाडं भरलेलं होतं, खानावळीचे पैसे भरलेले होते. तरी मी बागेतच होते ना. मला जिनं बागेतून आणलं तिचा पगार कोणी दिला ते मला माहीत नाही. त्यांना भेटता आलं तर पाया पडेन.

मावशी, तुमच्या ताईचे महिना ५०० माझ्याकडून लिहा. आणि त्या मुलीला सांगा, फोटोतली ती नाही. खरी ती, जर्नल घ्यायला गेली होती ती.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार मानते. तीन आठवड्यांनी लिहितेय कारण काही केल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सिस्टर, तुमचं लिहिलेलं मी ताईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मुकादमाशी बोलणंच सगळ्यांत अवघड असतं."

ज्या ज्या ग्रुपवर तो फोटो गेला होता तिथे मी आधी विनंती टाकली, की मुलीची इच्छा आहे, कृपया काढून टाका. ऐंशीच्या वर लोकांनी काढला म्हणून कळवलं. ज्या काकूंनी "त्याच मुलीसाठी" म्हटलं होतं त्यांचा फोन सगळ्यांत आधी आला, आणि त्यांनी तिची माफी मागितली. यापुढे मुलींचा चेहरा, नाव, पाडा काहीही बाहेर जाणार नाही, असा ठराव करून इतिवृत्तात लिहिला. कमिशनचा विषय बंद झाला. ज्यांनी तो काढला होता त्यांनीच वरचे प्रयोग बैठकीत वाचून दाखवले.

मग ताईच्या परवानगीनं ताईच्याच एका दिवसाबद्दल लिहिलं. लोकांना एक माणूस दिसावा लागतो ना, तर तो माणूस ताई. सकाळी सव्वासहाची पेठची गाडी, करंजाळीला उतरून पुढे दुसऱ्याच्या मोटारसायकलवर, एका घरी लग्न ठरवायची बोलणी चाललेली, तिथे चार तास बसून निघताना बापाचं "बारावी होऊ दे मग". मजकूर ताईनं वाचला आणि दोन वाक्यं कापायला लावली. एकात मी तिला त्यागी म्हटलं होतं. ती म्हणाली, "त्यागी लिहिलं की लोक पगार विचारणार नाहीत. मला हे काम येतं, असं लिहा."

सातपूरच्या काकांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी ऑडिट, पावतीपुस्तकं आणि पेट्रोल असे वर्षाचे ३६,००० उचलले. ते पत्राच्या पहिल्या ओळीत सांगितलं. खाली महिन्याची मूठ मागितली, दोनशेची. ६१ जणांनी कबूल केलं, ४४ जणांचे पहिले पैसे आले. ८,८०० झाले, सिस्टरचे ५०० धरून ९,३००. तो जुन्या देणगीदारांचा फोन आठवतोय? त्यांनी अजून काही दिलेलं नाही, पण ताई कुठल्या गाडीनं जाते ते विचारलं.

नोव्हेंबरपासून ताईचा पगार १७,००० केला. अंबडपेक्षा दोन हजार कमीच. तिनं कंपनीला नकार कळवला आणि आम्हाला सांगितलं, "मार्चपर्यंत आहे. पुढचं मार्चमध्ये बोलू." घरी तिचा भाऊ बारावीला आहे, तिला तेही बघायचं आहे. मार्चमध्ये दोन हजार कुठून आणायचे त्यावर मी आत्ता बसलेय. कुणाला सुचलं तर लिहा.

त्या मुलीनं काल जर्नल आणलं. ताई बरोबर येते म्हणाली होती, तर नको म्हणाली, एकटीच गेली. दुकान मात्र दुसरं निवडलं, शालिमारचं.